माप आणि समीकरण : १९५५ सालच्या दोन लेखांची गोष्ट

१/ १९५५ साल. १८ एप्रिलला प्रिन्स्टन येथे आइनस्टाइन यांचे निधन झाले. त्यानंतर जेमतेम चार आठवड्यांनी, १५ मे रोजी, ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात कलकत्त्याच्या एका ३१ वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञाचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे दोन महिन्यांनी, १५ जुलैला, ‘सायन्स’ साप्ताहिकात फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांचा लेख आला. पहिल्या लेखात एक समीकरण होते, दुसऱ्यात एक माप. आजचा धागा या दोहोंविषयी.

२/ समीकरण अमलकुमार रायचौधुरी यांचे. गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासकाला ते आज पाठ्यपुस्तकातच भेटते. माप म्हणजे संदर्भोल्लेखांची मोजदाद, ज्याला आपल्या विद्यापीठांत सर्रास ‘सायटेशन’ म्हणतात. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांत झाला, ही ती गणती. माझे म्हणणे आरंभीच सांगतो : हे माप इतिहासाचे साधन म्हणून मोलाचे आहे, माणसाचा निवाडा करणारा तराजू म्हणून ते फसवे आहे. आणि याचा सर्वांत चांगला साक्षीदार ते समीकरणच आहे.

३/ आधी माणूस. रायचौधुरी यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२३ रोजी बारिसाल येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आणि कलकत्ता विद्यापीठात झाले. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या नामांकित संस्थेत त्यांनी काही वर्षे प्रायोगिक संशोधन केले; हाती फारसे लागले नाही. मग ते आशुतोष महाविद्यालयात अध्यापन करू लागले आणि व्यापक सापेक्षतेकडे वळले, तेही बहुतांशी स्वतःच्या बळावर.

४/ १९५२ साली ते त्याच संशोधनसंस्थेत परतले. तेथे त्यांच्याकडून अपेक्षा होती धातूंच्या गुणधर्मांवर काम करण्याची, विश्वरचनेवर नव्हे. अपेक्षा करणाऱ्यांना सरसकट दोष देणेही अन्यायाचे होईल. त्या काळी व्यापक सापेक्षता हा जगभरच ओस पडलेला प्रांत होता. अणुकेंद्र, मूलकण, घनपदार्थ यांच्याकडे बुद्धिमंतांचा ओढा होता. गुरुत्वाकर्षणावर काम करणे म्हणजे करिअरवर पाणी सोडणे, असे अमेरिकेतही समजले जाई.

५/ प्रश्न काय होता? १९२२ साली रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमान यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व काढून दाखवले होते. त्या विश्वाचा काळ मागे नेत गेले की एक क्षण असा येतो, जेथे घनता अनंत होते आणि गणित थांबते. यालाच सिंग्युलॅरिटी म्हणतात. पण फ्रीडमान यांनी एक गृहीत धरले होते : विश्व सर्वत्र आणि सर्व दिशांना अगदी सारखे आहे.

६/ म्हणून शंका उरत होती. अनंत घनतेचा तो क्षण निसर्गातला आहे, की केवळ या आदर्श, गुळगुळीत गृहीतकाचा परिणाम? चहूबाजूंनी नेम धरून फेकलेले दगड एकाच बिंदूवर आदळतील. नेम थोडा चुकला तर एकमेकांच्या बाजूने निघून जातील. खऱ्या विश्वात असा अचूक नेम कोण धरणार? १९४९ साली कुर्ट ग्योडेल यांनी फिरत्या विश्वाची उकल मांडली आणि ही शंका अधिकच टोकदार झाली.

७/ रायचौधुरी यांनी सारखेपणाचे गृहीतक काढून टाकले आणि सरळ विचारले : गुरुत्वाकर्षणाखाली मुक्तपणे वाहणाऱ्या धूलिकणांचा एक पुंजका घ्या, त्याचे आकारमान काळानुसार कसे बदलेल? उत्तर आले ते असे. पदार्थाची घनता पुंजक्याला आत ओढते. पुंजक्याचा आकार वेडावाकडा होत गेला तर तीही गोष्ट आकुंचनालाच हातभार लावते. विरोध करते ती फिरकी. विश्वस्थिरांक बाजूला ठेवला आणि फिरकी नसली, तर मर्यादित काळात पुंजका मिटणे अटळ.

८/ या उत्तराचे मोल लक्षात घ्या. नेम चुकल्याने दगड वाचतील, ही आशा त्याने हिरावून घेतली. वाचवू शकेल ती केवळ फिरकी. एका विशिष्ट विश्वाचे वर्णन सोडून हे समीकरण गुरुत्वाकर्षणाच्या स्वभावाचे वर्णन करते. म्हणूनच ते विश्वाला लागू पडते, कोसळणाऱ्या ताऱ्यालाही लागू पडते. १९५३ साली पाठवलेला हा लेख छापून यायला दोन वर्षे लागली. आला तेव्हा गाजावाजा झाला नाही.

९/ आता कल्पना करा, १९५८ साली एखाद्या समितीने रायचौधुरी यांचे मूल्यमापन संदर्भोल्लेखांच्या संख्येवर केले असते. ज्या विषयात जगभर मोजकीच माणसे काम करीत होती, तेथे उल्लेख करणार कोण, आणि किती? संख्या नेहमी वस्तीच्या आकारावर अवलंबून असते. मुंबईच्या फलाटावर हाक मारली तर शंभर माना वळतील. माळरानावर त्याच हाकेला एखादाच वाटसरू थांबेल. हाकेतला मजकूर मात्र दोन्हीकडे तोच असतो.

१०/ आणि येथे कथेला एक वळण आहे, जे माझ्या मताविरुद्ध जाते असे प्रथम वाटेल. हॅम्बुर्गचे ओटो हेकमान आणि एंगेलबर्ट श्युकिंग हे दोघे याच प्रश्नांवर काम करीत होते. त्यांनी रायचौधुरी यांच्या लेखाची दखल घेतली. परदेशातून आलेल्या या दखलीने त्यांना बळ मिळाले. १९५९ साली त्यांनी आपला शोधप्रबंध कलकत्ता विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांत जॉन व्हीलर होते आणि त्यांनी प्रबंधाची विशेष प्रशंसा केली.

११/ म्हणजे संदर्भोल्लेखानेच त्यांना तारले! हे मी नाकारीत नाही. उलट आवर्जून सांगतो. वरिष्ठांची मर्जी हा एकमेव निकष असता, तर ते धातूंतच अडकून पडले असते. दूरच्या, अनोळखी, हितसंबंध नसलेल्या जाणकाराची साक्ष हा उल्लेखाचा खरा प्राण आहे. पण पाहा, येथे उपयोगी पडली ती संख्या नव्हे. उपयोगी पडले ते कोणी, का आणि काय वाचून उल्लेख केला, हे. मोजपट्टीवर हेकमान-श्युकिंग यांचा उल्लेख म्हणजे फक्त ‘एक’.

१२/ मग काळ पालटला. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या क्वेसारचे अफाट अंतर ओळखले. एवढी ऊर्जा येते कोठून, या प्रश्नाने खगोलशास्त्रज्ञ आणि सापेक्षतावादी प्रथमच एका मांडवाखाली आले. त्याच वर्षी डिसेंबरात डॅलसला त्यांची परिषद भरली. जानेवारी १९६५ मध्ये रॉजर पेनरोझ यांचा जेमतेम तीन पानांचा लेख आला : कोसळणारा तारा एका मर्यादेपलीकडे गेला की सिंग्युलॅरिटी अटळ, मग तो कितीही वेडावाकडा असो.

१३/ पुढे स्टीफन हॉकिंग यांनी हाच युक्तिवाद विश्वाच्या आरंभाला लावला आणि १९७० साली दोघांनी मिळून व्यापक प्रमेय मांडले. या प्रमेयांत जागतिक भूमितीची नवी, देखणी हत्यारे होती. ते श्रेय निर्विवाद पेनरोझ आणि हॉकिंग यांचे. पण मार्ग एकत्र येतातच, हा टप्पा ज्या पायावर उभा होता तो पाया रायचौधुरी यांच्या समीकरणाचा होता. २०२० साली पेनरोझ यांना नोबेल मिळाले. रायचौधुरी १८ जून २००५ रोजी निवर्तले होते.

१४/ येथे मापाची दुसरी गंमत दिसते. समीकरण जसजसे प्रसिद्ध झाले, तसतसा मूळ लेखाचा निर्देश अनावश्यक होत गेला. लोक ‘रायचौधुरी समीकरणानुसार’ एवढेच लिहितात, किंवा हॉकिंग आणि एलिस यांच्या १९७३च्या ग्रंथाकडे बोट दाखवतात. पायथागोरसचे प्रमेय वापरताना कोणी तळटीप देतो का? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेची चिकित्सा केली होती : ज्ञान इतके अंगी मुरते की उगम पुसला जातो. आरंभी माप कमी दाखवते, कारण कोणी ओळखत नाही. शेवटीही कमी दाखवते, कारण सगळेच ओळखतात.

१५/ रायचौधुरी हा अपवाद होता का? आणखी दोन नावे पाहू. १९४२ साली गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य बनारस हिंदू विद्यापीठात विष्णू वासुदेव नारळीकर यांच्याकडे आले. हे नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. जयंत नारळीकरांचे वडील. वैद्य तेथे सुमारे दहा महिने होते. त्या अल्पकाळातून १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक छोटा लेख आला : प्रकाश फेकणाऱ्या, म्हणजे वस्तुमान गमावत जाणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वक्षेत्र.

१६/ तोवर परिचित असलेली श्वार्झशिल्ड यांची उकल न प्रकाशणाऱ्या ताऱ्याची होती. खरे तारे तर प्रकाशतातच. वैद्य यांनी ती उणीव भरली. पण महायुद्ध पेटलेले, नियतकालिक हिंदुस्थानातले, आणि प्रश्न असा की तो तेव्हा कोणालाच पडलेला नव्हता. क्वेसार सापडल्यावर, वीस वर्षांनी, जगाला या उकलीची गरज भासली. आज ‘वैद्य मेट्रिक’ हा कृष्णविवरांच्या अभ्यासातला नित्याचा शब्द आहे.

१७/ दुसरे नाव बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर. मेरीलँड विद्यापीठात त्यांनी कृष्णविवर स्थिर असते का, हा प्रश्न घेतला, आणि तो शब्द नुकताच रूढ होत असताना, १९७० साली, ‘नेचर’मध्ये दाखवले की कृष्णविवरावर गुरुत्वीय लहरी आदळल्या तर ते घंटेसारखे निनादते आणि निनाद झपाट्याने विरतो. त्या निनादावरून कृष्णविवराचे वस्तुमान ओळखता यावे. ऐकायचे कशाने? तसे यंत्र पृथ्वीवर नव्हते.

१८/ १४ सप्टेंबर २०१५. लायगोच्या दोन वेधशाळांनी एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा संकेत टिपला : दोन कृष्णविवरांचे मीलन आणि अखेरीस तो विरणारा निनाद. ४५ वर्षांनी घंटा ऐकू आली. विश्वेश्वर तेव्हा हयात होते. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. आणि योगायोग असा की तो दिवस रायचौधुरी यांच्या ९२व्या जयंतीचा होता.

१९/ गोंगाटातून असा संकेत वेगळा काढण्याच्या गणितात पुण्याचा वाटा आहे. आयुकाचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा या विषयावरचा पायाभूत लेख १९९१ सालचा. वेधशाळा उभ्या राहण्याआधीचा. उलट २०१६ साली आलेल्या शोधाच्या निबंधावर हजाराहून अधिक लेखक आहेत आणि त्याला अमाप संदर्भोल्लेख मिळाले. ते सारे उल्लेख प्रत्येक लेखकाच्या नावे पूर्ण जमा होतात. कोणी दोन दशके आरसे घासले, कोणी वर्षभर साहाय्य केले; गणतीत दोघे समान.

२०/ आता मापाचा जन्म पाहू, कारण इतिहासाच्या वाचकाने हे विसरता कामा नये. अमेरिकेतील वकिलांना एक जुनी सूची माहीत होती : अमुक निवाडा नंतरच्या कोणत्या खटल्यांत मान्य झाला, कोठे फिरवला गेला. गारफिल्ड यांनी १९५५च्या लेखात विज्ञानासाठी तशीच सूची सुचवली. हेतू हा की जुना लेख वाचणाऱ्याला त्यावरची पुढची टीका सापडावी. आणि महत्त्वाच्या लेखाचा प्रभाव जोखायला ती इतिहासकाराच्या कामी यावी, असेही त्यांनी लिहिले.

२१/ म्हणजे अवजार घडवले ते शोध घेण्यासाठी. १९६०च्या दशकात सूची प्रत्यक्षात आली आणि हळूहळू ती इतिहासकाराच्या टेबलावरून आस्थापना विभागाच्या टेबलावर गेली. २००५ साली, रायचौधुरी गेले त्याच वर्षी, भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला : ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख, त्याचा निर्देशांक २०. पुढे खुद्द हिर्श यांनीच त्याच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला.

२२/ या गणिताने एकच लेख लिहिणारा, त्याला लाख उल्लेख मिळाले तरी, एकावरच अडकतो. आणि आपल्याकडे? २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांसाठी गुणांकांची पद्धत आणली. आज ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी आली की महाविद्यालयाच्या फाटकावर अभिनंदनाचे फलक लागतात. त्या फलकावर संशोधकाने नेमके काय शोधले, याची एक ओळ तुम्ही कधी वाचली आहे का? मी तरी वाचलेली नाही.

२३/ शिवाय काही गोष्टी कोणत्याच सूचीत येत नाहीत. १९६१ सालापासून रायचौधुरी यांनी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात सुमारे पाव शतक शिकवले. त्यांच्या विद्यार्थ्यांत पुढे स्ट्रिंग सिद्धांतात जगन्मान्य झालेले अशोक सेन होते. एखाद्या दुपारी फळ्यावर नीट उलगडलेला युक्तिवाद पुढच्या पिढीत उगवतो. त्याची तळटीप कोठेही पडत नाही. अध्यापकाला केवळ निबंध मोजून तोलणारी व्यवस्था या दुपारी हळूहळू बंद पाडते.

२४/ आक्षेप रास्त आहे : सगळेच दुर्लक्षित लेख रायचौधुरी यांचे नसतात. खरे आहे. बहुतेक दुर्लक्षित लेख दुर्लक्षणीयच असतात, आणि ‘माझी कदर पन्नास वर्षांनी होईल’ ही ढाल आळशालाही वापरता येते. म्हणून माप फेकून द्या, असे मी म्हणत नाही. पण वाचण्याला ते पर्याय होऊ शकत नाही. १९५५चा तो लेख ज्याने वाचला, त्याला तो कसदार आहे हे तेव्हाही कळले. हेकमान यांना कळले, श्युकिंग यांना कळले, व्हीलर यांना कळले.

२५/ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली, तेव्हापासून मराठी अभ्यासकाला एक शिस्त ठाऊक आहे : कागद हाती आला की विचारायचे, हा कोणी लिहिला, केव्हा, कोणत्या हेतूने? उल्लेखांचा आकडा हाही एक कागदच आहे. त्यालाही तेच प्रश्न विचारा. कोणी उल्लेख केला? कोणत्या काळात, किती मोठ्या वस्तीत? मान्य करण्यासाठी, खोडण्यासाठी, की नुसती रीत म्हणून?

२६/ हे प्रश्न विचारले तर आकडा बोलका होतो. १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत एका समीकरणाकडे कोण कोण वळले, याची यादी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पुनरुज्जीवनाचा इतिहासच आहे. प्रश्न न विचारता तोच आकडा बढतीच्या अर्जात भरला, तर पुढचा रायचौधुरी आपल्याच एखाद्या महाविद्यालयात निमूटपणे धातूंकडे वळेल आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. जे लिहिलेच गेले नाही, त्याचा संदर्भोल्लेख कोण करणार?

२७/ धागा येथे संपवतो. एक विनंती : तुमच्या महाविद्यालयातील एखाद्या संशोधकाचा फलक पुढच्या वेळी दिसला, तर आत जाऊन त्यांना विचारा, ‘सर, तुम्ही नेमके काय शोधले?’ बाईंनाही विचारा. समजेल असे उत्तर मिळाले, तर ते येथे लिहा. आपण वाचू.